रिकाम्या खाटेचे सोळा श्वास

१

ताईंचा कामाचा दिवस मामांना झोपवण्यापासून सुरू व्हायचा.

मामा म्हणजे वाळू भरलेली एक जाड कापडी गोणी. माणसाच्या धडाएवढी, पोटात रबराची पिशवी आणि त्या पिशवीत हवा भरणारा-सोडणारा छोटासा पंप. पंप चालू केला की गोणीची छाती संथपणे वर-खाली व्हायची. गादीखालची पातळ पट्टी ती हालचाल टिपायची आणि खाटेशेजारच्या मशीनवर आकडा यायचा: मिनिटाला किती श्वास. मशीनला मामा बनवायचं काम करतात म्हणून हे मामा, असं भाऊंनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं.

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या, एवढाच त्यांचा कारखाना. पुढच्या खोलीत भाऊ, म्हणजे मालक. मधल्या खोलीत ताई. मशीनच्या आत चालणारा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनी लिहिलेला. मागच्या खोलीत लोखंडी खाट, निळी गादी आणि मामा. आठवड्यातून दोनदा सिस्टर यायच्या. तीस वर्षं वॉर्डात काढून निवृत्त झालेल्या बाई. मशीनचं बटण कुठे हवं, घंटा किती मोठी हवी, हे त्यांनीच सांगितलेलं.

महिन्यापूर्वी सहा मशीनं एका हॉस्पिटलात चाचणीसाठी दिली होती. त्या मंगळवारी ताईंनी मामांना झोपवलं, चहाचं पाणी ठेवलं, आणि पुढच्या खोलीत फोन वाजला. भाऊ बराच वेळ फक्त "हो" आणि "बरोबर आहे" एवढंच म्हणत होते. फोन ठेवून ते ताईंच्या दारात येऊन उभे राहिले.

"चार नंबरच्या मशीनवरचा पेशंट गेला काल दुपारी," ते म्हणाले.

"अरेरे."

"जाणारच होता म्हणे. त्याचं काही नाही. पण डॉक्टर आले तेव्हा त्याला जाऊन चाळीसेक मिनिटं झाली असतील, असं त्यांचं म्हणणं. अंग गार पडलं होतं." भाऊ थांबले. "आणि आपलं मशीन सोळा दाखवत होतं."

पातेल्यातलं पाणी उकळून उतू गेलं तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही.

२

चूक सापडायला ताईंना अर्धा तासही लागला नाही. ती त्यांचीच होती.

गादीखालच्या पट्टीकडून हालचाल कळली, तर श्वास मोजायचे आणि तो आकडा मशीनच्या मेमरीतल्या एका जागी लिहायचा. मग त्या जागेतला आकडा पडद्यावर दाखवायचा. इतकं साधं काम. पण हालचाल कळलीच नाही तर काय लिहायचं, हे ताईंनी सांगितलंच नव्हतं. ती जागा पहिल्यांदा घेताना तिच्यात शून्य टाकायला त्या विसरल्या होत्या. प्रोग्रॅम तयार करताना संगणकाने इशाराही दिला होता. दोनशे चौदा किरकोळ इशाऱ्यांच्या यादीत एकशे एकोणनव्वदावा. ती यादी कोणीच वाचत नाही. ताईंनीही वाचली नव्हती.

"म्हणजे नक्की काय झालं?" सिस्टरांनी दुपारी विचारलं. त्यांचा वार नव्हता, तरी त्या आल्या होत्या.

"वॉर्डात पेशंट गेला की खाटेवरची चादर बदलता ना तुम्ही?"

"पहिलं काम ते."

"मी ज्या सी भाषेत प्रोग्रॅम लिहिते, ती बदलत नाही. सांगितलं तरच बदलते. नाही सांगितलं, तर नवा माणूस जुन्याच चादरीवर झोपतो. त्या जागेत आधी जे काही पडलेलं असेल, तेच त्याला मिळतं. आम्ही त्याला कचरा म्हणतो."

"आणि इथं कसं दिसलं नाही कधी? मामांचा पंप बंद केला की शून्यच यायचं की."

"योगायोगाने त्या जागी आधीचं शून्य असायचं. दोन वर्षं योगायोगावर चाललो आपण."

सिस्टरांनी चहाचं पातेलं विसळायला घेतलं. त्यांनी तीस वर्षांत चुका पाहिल्या होत्या आणि चुकणाऱ्याला त्या वेळी काय नको असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

दुरुस्ती अर्ध्या ओळीची. त्या जागेपुढे 'बरोबर शून्य' लिहिलं की संपलं. मग शून्य दिसेल, वीस सेकंदांनी घंटा वाजेल, माणसं धावतील. भाऊ म्हणाले, "आजच टाका." पण हॉस्पिटलने लेखी उत्तर मागितलं होतं: सोळाच का? चार हजार का नाही, उणे सात का नाही? चार नंबरचं मशीन त्यांनी परतही पाठवलं होतं. कचरा कुठून आला ते शोधायला एक दिवस लागेल, ताई म्हणाल्या. भाऊंनी एक दिवस दिला.

३

बुधवारी सकाळी ताईंनी मामांना उचलून कोपऱ्यात बसवलं, चार नंबरचं मशीन खाटेशेजारी लावलं आणि चालू केलं. गादीवर कोणी नव्हतं.

पडद्यावर सोळा आलं.

हे व्हायला नको होतं. मशीन बंद होऊन, खोक्यात बसून, गाडीतून आलं होतं. वीज गेली की तिथलं सगळं पुसलं जातं. चादर कशीही असली तरी ही खाटच वेगळी होती. ताईंनी मशीन बंद केलं, चहा घेतला, पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू केलं. सोळा. कपाटातलं दुसरं मशीन लावलं, तोच प्रोग्रॅम, तीच खाट. शून्य. पुन्हा चार नंबरचं. सोळा.

त्यांनी त्या जागेत काय आहे ते तपासायला एक जादा ओळ लिहिली. ती ओळ घातली की तिथं दोनशे अकरा निघायचं, बॅटरीच्या मोजणीतलं उरलेलं. तसंच असायला हवं होतं, कचरा असाच असतो. ओळ काढली की पुन्हा सोळा. बघायला गेलं की नाही, पाठ फिरवली की आहे. अशा चुका त्यांनी पूर्वी पाहिल्या होत्या. जादा ओळीने आतली मांडणी सरकते, त्यात गूढ काही नसतं. त्यांनी वहीत तसं लिहिलंही.

मग वहीतून मान वर केली तेव्हा पडद्यावर सतरा होतं.

ताई पेन हातात धरून बसल्या. सतरा. सोळा. सोळा. पंधरा. सोळा. पडलेला आकडा एक तर तसाच पडून राहतो, नाहीतर वेडावाकडा उड्या मारतो. असा एकेक पायरी चढत-उतरत नाही. पट्टीला काहीतरी कळतंय, त्यांनी स्वतःला सांगितलं. खाली छापखान्याची यंत्रं चालू आहेत, तीच जाणवत असतील. त्यांनी पट्टीची वायर मशीनपासून काढून टेबलावर ठेवली.

सोळा. पंधरा. सोळा.

घड्याळ लावून त्यांनी स्वतःचे श्वास मोजले. बावीस. म्हणजे आपले नाहीत, एवढं त्यांनी लिहून ठेवलं आणि मग आपण हे का मोजलं याचीच त्यांना लाज वाटली.

पाऊल वाजलं. सिस्टर दारात पिशवी ठेवत होत्या. दारातून खाट दिसायची नाही, कपाट आड यायचं. फक्त पडदा दिसायचा.

"कोण झोपलंय?" सिस्टरांनी हळू आवाजात विचारलं.

"कोणी नाही."

"झोपेतला श्वास आहे हा." सिस्टर पडद्याकडेच बघत होत्या. "आपण बोललो, आता जाग येतेय बघा."

सतरा झालं. मग एकोणीस. मग वीस. सिस्टर दोन पावलं पुढे आल्या, कपाट मागे पडलं, आणि त्यांना रिकामी गादी आणि टेबलावरची सुटी वायर दिसली. त्यांनी पदराला हात पुसले.

"ताई," त्या म्हणाल्या, "ते शून्य टाकाच आता."

४

त्या दुपारी गेलेल्या गृहस्थांची मुलगी आली. मशीनच्या खोक्यावरचा पत्ता बघून आली होती. तिशीची असेल. भांडायला आली असणार, असं धरून भाऊ आधीच उभे राहिले होते, पण ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि तिने पाणी मागितलं.

"माझी चूक आहे," ताई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी दोन दिवस घोकलं होतं. "प्रोग्रॅम मी लिहिलाय. मशीनवर जो आकडा दिसत होता तो खोटा होता. तुमच्या वडिलांचा नव्हता."

"मी तेच विचारायला आले." मुलगी ग्लासकडे बघत होती. "डॉक्टर म्हणाले, चाळीस मिनिटं झाली. पण मी शेजारीच होते. हात माझ्या हातात होता. छाती हलत होती त्यांची."

"आकडा दिसत असला की आपल्यालाही तसं दिसतं," ताई जपून म्हणाल्या. "डोळे फसतात."

"फसतात. मीही तेच म्हणते स्वतःला." तिने ग्लास खाली ठेवला. "मग डॉक्टरांनी मशीन बंद केलं. त्या वेळी बाबांनी माझी बोटं आवळली. घट्ट. तेही फसणंच का?"

खालच्या छापखान्यात कागद कापण्याचं यंत्र एकदा वाजून थांबलं.

मुलीने मशीन बघायचं म्हटलं. नाही कसं म्हणायचं? ताई तिला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. पडद्यावर वीस होतं. सकाळपासून ते उतरलंच नव्हतं. गादी रिकामी आहे, वायर सुटी आहे, हे मुलीने पाहिलं. त्याबद्दल तिने काहीच विचारलं नाही. स्टूल ओढून ती खाटेपाशी बसली, वॉर्डात बसत असेल तशी, आणि उजवा हात तिने गादीवर उताणा ठेवला.

एकोणीस. अठरा. सोळा.

ताई काहीतरी बोलायला गेल्या.

"हळू," मुलगी म्हणाली.

पंधरा. तेरा. बाराला आकडा थांबला आणि तिथंच राहिला. दहा मिनिटांनी मुलगी उठली, स्टूल जागच्या जागी ठेवलं आणि दारातून एकदा वळून बघितलं.

"आता लागली झोप," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

५

"एका ओळीला तीन दिवस?" गुरुवारी भाऊंचा आवाज चढला. "ताई, त्या वॉर्डात अजून पाच मशीनं चालू आहेत. उद्या आणखी कोणी गेलं आणि मशीन म्हणालं छान चाललंय, तर कोणाला तोंड दाखवणार आपण?"

त्यांचं खरं होतं. ताईंनाही ते ठाऊक होतं. कालपासून त्या मागच्या खोलीत गेल्या नव्हत्या आणि मशीन बंदही केलं नव्हतं, एवढंच.

चार वाजता त्यांनी ती अर्धी ओळ लिहिली. सिस्टर सोबत होत्या. मशीन अजून बारावरच होतं. नवा प्रोग्रॅम आत जाताना पडदा काही क्षण काळा होतो, तसा झाला. मग उजळला. शून्य.

वीस सेकंदांनी घंटा वाजली. वाजायलाच हवी होती. ताईंनी हात पुढे करून ती बंद केली. खोली नेहमीसारखीच होती. खाट, गादी, कोपऱ्यात मान टाकून बसलेले मामा. तरी काहीतरी थांबलं होतं. सकाळपासून चालू असलेला पंखा वीज गेल्यावरच ऐकू येतो, तसं.

सिस्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"चार वाजून बारा," त्या म्हणाल्या. मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी नजर वळवली. "सवय. कागदावर लिहावं लागायचं ना."

त्यांनी वाकून गादीवरची चादर ओढून सारखी केली. ताईंना वाटलं, त्या ती फार वरपर्यंत ओढताहेत.

६

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता दोघी हॉस्पिटलात पोचल्या. मोठ्या खिडक्यांचा, उजेडाने भरलेला वॉर्ड. फिनेलचा वास. वॉर्डच्या नर्सने यादी दिली आणि ताईंनी पहिल्या खाटेपासून सुरुवात केली. वायर जोडायची, नवा प्रोग्रॅम टाकायचा, पडदा काळा होऊन उजळेपर्यंत थांबायचं.

अठरा. एकवीस. सतरा. एकोणीस. चारही माणसं जिवंत होती आणि चारही आकडे त्यांचे होते. ताईंच्या मानेवरचा ताण प्रत्येक खाटेगणिक उतरत गेला. इतके दिवस आपण काय काय मनात आणलं, असंही वाटून गेलं.

शेवटचं, सहा नंबरचं मशीन खिडकीपाशी होतं. तिथं एक आजी उशीला टेकून संत्रं सोलत बसल्या होत्या.

"या आमच्या उत्सवमूर्ती," नर्स म्हणाली. "तीन आठवड्यांपूर्वी घरच्यांना बोलावून घेतलं होतं आम्ही. मशीन लावलं त्याच दिवशी. आणि दुसऱ्या सकाळी या उठून बसल्या, चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार करत."

"कमीच होती," आजी म्हणाल्या. "बस गं. फोड घे."

मशीनवर पंधरा होतं. ताईंनी फोड घेतली, वायर जोडली. आजी आपल्या सुनेबद्दल सांगत होत्या. सून रोज दुपारी येते, बोलते जास्त पण मनाने चांगली आहे. पडदा काळा झाला. उजळला.

शून्य.

पट्टी सरकली असेल. ताईंनी गादीखाली हात घालून बघितलं. पट्टी जागेवर होती. त्यांनी स्वतःचा तळवा दाबून हलवला, पडद्यावर लगेच आकडा उमटला. हात काढला. शून्य. बॅगेतून नवीकोरी पट्टी काढून घातली. शून्य.

"आणि मी तिला म्हटलं," आजी सांगत होत्या, "अगं, घर काय पळून जातंय, तू आधी..."

घंटा वाजली.

"कुणाचं गं वाजतंय हे?" आजींनी इकडे तिकडे पाहिलं. त्यांचा आवाज जरासा खाली गेला होता. फोड धरलेला हात तोंडाच्या वाटेवर मध्येच थांबला. "मी म्हटलं, तू आधी..."

वाक्य पुढे आलं नाही. डोळे उघडे होते, ताईंकडेच बघत होते. ताईंनी घंटा बंद केली. नर्स दुसऱ्या टोकाला औषधं देत होती, तिने मान वळवून पाहिलं आणि पेशंट बसलेली आहे हे बघून पुन्हा कामाला लागली.

सिस्टर पलीकडच्या बाजूला गेल्या. आजींचं मनगट त्यांनी तीन बोटांत धरलं. खिडकीतून ऊन थेट पडत होतं आणि ताईंना सिस्टरांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. मग बोटं मनगटावरून गळ्यापाशी गेली. तिथं थांबली. तीस वर्षं सरावलेली ती बोटं, त्यांना नाडी शोधावी लागत नसे. सिस्टरांनी हात मागे घेतला, पदराला पुसला आणि ताईंच्या कानापाशी वाकून म्हणाल्या,

"जुनं लावा. आत्ता."

"पण सिस्टर, ते खोटं..."

"लावा."

बॅगेतल्या संगणकात जुना प्रोग्रॅम होताच. शून्याची अर्धी ओळ नसलेला, एकशे एकोणनव्वदाव्या इशाऱ्यासकट. पडदा काळा झाला. किती वेळ काळा होता, ते ताईंना नंतर कधीच सांगता आलं नाही. आजींच्या नखांचा रंग तेवढा त्यांना आठवत राहिला.

पडदा उजळला. काहीच नाही. मग नऊ. मग बारा. मग पंधरा.

"...आधी जेवून घे, मग बोल," आजी म्हणाल्या आणि फोड तोंडात टाकली. चावताना त्यांनी खांदे आवळले. "एकाएकी गार झालं का गं? खिडकी लावून घे जरा."

सिस्टरांनी खिडकी लावली.

नर्स कागद घेऊन आली. पाच मशीनं, पाच रकाने, खाली सही: सर्व यंत्रांमध्ये दुरुस्ती केली आहे. ताईंनी पाचही रकान्यांत खूण केली आणि सही केली. सही नेहमीसारखी आली, हेच त्यांना विचित्र वाटलं. सिस्टर खाली बघत उभ्या होत्या.

"झालं ना सगळं नीट?" नर्सने विचारलं.

"झालं."

ताई खाली वाकून वायर काढू लागल्या. वरून आजींचा आवाज आला, खुशीतला.

"सोमवारी घरी सोडणार आहेत मला. डॉक्टर म्हणाले, आता काही धोका नाही." संत्र्याची सालं त्यांनी कागदात नीट गुंडाळली. "हे तुमचं मशीन मात्र इथंच राहणार असेल, नाही का गं?"

ताई वायर गुंडाळत राहिल्या.